काचेचे कान

रोझामार बेटावर लष्कराने सत्ता बळकावल्याचं पंतप्रधानांच्याही आधी कालिंदी राघुजीला कळलं. तिला ते जमिनीने सांगितलं.

सकाळची वेळ होती. ज्वालामुखी वेधशाळेत ती आणि तिची सहकारी सोलांज अशा दोघीच होत्या. दक्षिण छावणीपासून राजधानीपर्यंतच्या रस्त्याची नोंद पडद्यावर जाड काळ्या पट्ट्यासारखी उमटायला लागली. कालिंदीला आधी वाटलं, डोंगराच्या पोटात लाव्हा हलला.

"लाव्हा रस्ता धरून जात नाही," सोलांज म्हणाली, "आणि चौकात डावीकडे वळतही नाही."

काळा पट्टा संसदेसमोर जाऊन थांबला. थोड्याच वेळात दोघींचे फोन बंद पडले.

दोघींनी मिळून उभारलेल्या यंत्राचं तत्त्व साधं होतं. बेटावरच्या प्रत्येक मोठ्या रस्त्याखाली इंटरनेटची केसासारखी बारीक काचेची तार पुरलेली होती. तिच्या एका टोकातून लेसरचा झोत सोडला की बहुतेक प्रकाश पुढे निघून जातो. पण काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात सूक्ष्म दोष असतातच, आणि त्या प्रत्येक दोषावर आपटून थोडा प्रकाश माघारी येतो. वरची जमीन थरथरली की काच किंचित ताणली जाते आणि माघारी येणारा प्रकाश बदलतो. तो किती वेळाने परतला यावरून जागा कळते, कसा बदलला यावरून थरथर कळते. म्हणजे अख्ख्या बेटाच्या रस्त्यांखाली थोड्या थोड्या अंतरावर कान पुरल्यासारखंच. इंटरनेट बंद केलं तरी हे कान बंद होत नाहीत, कारण काच जमिनीतच असते आणि ऐकणारी पेटी वेधशाळेत.

ज्वालामुखी जागा होण्याआधी चार दिवस सूचना मिळावी, एवढ्यासाठीच सरकारने या यंत्राला परवानगी दिली होती. पण डोंगर कुठला आणि माणूस कुठला हे काचेला कळत नाही. वरून ट्रक गेला तरी ती ऐकते, हंडा घेऊन बाई गेली तरी ऐकते. माणसांच्या या सगळ्या आवाजाला दोघी 'कचरा' म्हणत आणि तो गाळून टाकत.

त्या संध्याकाळी जनरल बेलकूर टीव्हीवर आला. हिंदी महासागरातलं रोझामार म्हणजे एवढंसं प्रजासत्ताक. किनाऱ्यावर मिश्र वंशाचे क्रिओल कोळी, मधल्या सपाटीवर उसाच्या मळ्यांत मराठी आणि डोंगरात मारोन. मळ्यांतून पळून डोंगरात गेलेल्या गुलामांचे वंशज म्हणजे हे मारोन. मराठी माणसं त्यांच्या मागून आली, कोकणातून, ऊसतोडीच्या करारावर. त्यालाही आता सहा-सात पिढ्या झाल्या. आडनावं समुद्रातच राहिली आणि पणजोबाचं नाव हेच आडनाव झालं. भाषा मात्र टिकली.

"मारोनांनी मळे लुटायचा कट रचला होता," जनरल म्हणाला. "देश वाचवायला लष्कराला पुढे यावं लागलं. बारा हजार जवान गावोगावी तैनात आहेत. सर्व जमातींनी त्यांचं स्वागत केलं आहे."

पहिल्या दोन संध्याकाळी लोकांनी निषेध म्हणून दारात उभं राहून थाळ्या बडवल्या. मग धरपकड सुरू झाली आणि थाळ्या थांबल्या. लष्करी ट्रकांचे लांबलचक ताफे रोज गावागावातून जाऊ लागले. मराठी बातम्यांत सांगत, क्रिओल लोकांनी बंदरात फटाके वाजवून सैन्याचं स्वागत केलं. क्रिओल बातम्यांत सांगत, मराठी गावांनी जवानांना हार घातले. सोलांजला दोन्ही भाषा येत. तिने दोन्ही बातम्या ऐकल्या आणि रेडिओ बंद केला.

"प्रत्येकाला वाटावं की आपणच एकटे उरलोय," ती म्हणाली.

त्याच दिवशी मारोन शिक्षकांना आणि डॉक्टरांना शोधून शोधून उचलायला सुरुवात झाली. सोलांज मारोन होती. कालिंदीने तिला गाडीत बसवलं आणि सरळ नव्या राजापूरला, स्वतःच्या आईकडे नेलं. मराठी वस्तीत, तेही एका मेजरच्या घरात, मारोन बाईला शोधायला कुणी आलं नसतं.

तो मेजर म्हणजे कालिंदीचा धाकटा भाऊ दत्ताराम.

आई ओटीवर शेंगा सोलत होती. उसाच्या कोयत्याने तरुणपणी तिच्या उजव्या हाताची करंगळी अर्धी गेली होती, पण शेंगा ती झपाझप सोलायची. सोलांजकडे बघून तिचे हात थांबले.

"मारोन पोरगी घरात ठेवू? आणि दत्तू आला की काय सांगू त्याला?"

"काकू, मला घावने करता येतात," सोलांज मराठीत म्हणाली. "बाकी तुम्ही सांगाल ते काम करेन."

"घावने कुणी शिकवले तुला?"

"तुमच्या मुलीने."

"म्हणजे वाईटच शिकवले असतील," आई म्हणाली आणि थोडी सरकून बसली. "बस इथे. आधी पाणी पी."

---

आठवडाभरात दत्ताराम वेधशाळेत आला. गणवेश कडक इस्त्रीचा, पण डोळे जागरणाने लाल.

"ताई, हे यंत्र माणसाची पावलं ऐकतं म्हणे."

"कुणी सांगितलं?"

"तुमचाच जुना अहवाल आहे. जनरलसाहेबांनी वाचलाय." तो खुर्ची ओढून बसला. "डोंगराच्या वाटांवर मारोनांच्या टोळ्या जमतायत. कुठे आणि किती, एवढंच हवंय."

"आणि कळल्यावर काय करणार?"

"ते माझ्यावर सोड." मग त्याचा आवाज खाली आला. "ताई, उत्तर छावणीची ब्रिगेड डोंगरात उतरलीय. माझ्या सोबत भरती झालेली सगळी पोरं तिथे आहेत, आपल्या गावचीसुद्धा. मारोनांच्या गोळ्या खातायत ती. त्यांच्यासाठी तरी कर."

तो खोटं बोलत नव्हता. लहानपणी आंब्याची चोरीसुद्धा त्याला पचत नसे. जे सांगितलं गेलं होतं ते त्याने खरं मानलं होतं.

"तुमच्या ट्रकांच्या धडधडीत पावलं बुडून जातात," कालिंदी म्हणाली. "आधी प्रत्येक ट्रक ओळखून वेगळा काढावा लागेल. वेळ लागेल."

"जनरलसाहेबांना वेळ आवडत नाही."

"मग त्यांनाच बसव इथे."

दत्ताराम नाइलाजाने हसला आणि निघून गेला. दारावर दोन शिपाई ठेवून गेला.

वेळ काढण्यासाठी कालिंदीने खरोखरच ट्रक वेगळे काढायला घेतले. एकच मॉडेल असलं तरी प्रत्येक ट्रकची चाल वेगळी असते. कुणाचं टायर झिजलेलं, कुणाची स्प्रिंग ढिली, कुणाचं इंजिन अडखळणारं. एका ट्रकची मागची स्प्रिंग मोडली होती. तो जमिनीवर लंगडत चालायचा, चाकाच्या दर फेऱ्याला एक जड ठोका देत. सकाळी तो तिला बंदराच्या रस्त्यावर सापडला. दुपारी नव्या राजापूरच्या रस्त्यावर तोच लंगडा ठोका आला. तिला वाटलं, आपण चुकलो. दिवस मावळायच्या आत तो डोंगराच्या पायथ्याशी होता.

तिने बाकीचे ट्रक तपासले. मग आदल्या दिवसाची नोंद काढली, मग त्याच्या आदल्या दिवसाची.

सगळीकडे तेच ट्रक होते. जेमतेम सत्तर-ऐंशी. सकाळी क्रिओल लोकांना दिसायचे, दुपारी मराठी लोकांना, संध्याकाळी मारोनांना, आणि किनाऱ्याच्या रिकाम्या रस्त्याने परत दक्षिण छावणीत. वाटेत जंगलातल्या एका वळणावर ते दर वेळी थांबत. तिथे काय चाललं असेल हे ओळखायला यंत्र लागत नव्हतं. ट्रकांचे क्रमांक दर गावात वेगळे दिसत. पाट्या बदलता येतात, चाल बदलता येत नाही.

मग तिने डोंगरातल्या लढाईकडे लक्ष वळवलं. डोंगरात लढाई नव्हतीच. उत्तर छावणीतून सत्तापालटाच्या दिवसापासून एकही ट्रक बाहेर पडला नव्हता. कुंपणालगतच्या तारेला ऐकू येत होती फक्त पावलं. भिंतीपर्यंत जायची, वळायची, परत यायची. शेकडो माणसांची अशी पावलं, रोज, दिवसभर.

जनरलकडे बारा हजार जवान नव्हते. एक छावणी होती आणि पेट्रोल होतं.

---

कालिंदी घरी आली तेव्हा चुलीपाशी सोलांज घावने उलटत होती आणि आई तिला नावं ठेवत होती. कालिंदीने दोघींना सगळं सांगितलं.

"म्हणजे रोज दुपारी दारावरून जातात ते तेच?" आई म्हणाली. "आणि मी मेली रोज नवे समजून रोज नव्याने घाबरतेय!"

सोलांज हसायला लागली. आईही हसली. मग मात्र तिच्या डोळ्यांत राग उतरला. कालिंदीने तो वडील गेल्यानंतर प्रथमच पाहिला.

तेवढ्यात मागच्या दारी सायकलची घंटा वाजली. बंदरावरची मासेवाली फिलोमेन. वीस वर्षं ती याच दाराशी मासे घेऊन येत होती आणि तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत आईशी भांडत होती. सत्तापालटानंतर मात्र भांडण बंद होतं. मासे टाकायची आणि न बोलता निघून जायची.

"फिलोमेन, थांब," आई म्हणाली. "तुम्ही बंदरात फटाके वाजवलेत?"

फिलोमेनने सायकल भिंतीला टेकवली. "फटाके? माझा जावई तुरुंगात आहे. फटाके तुम्ही वाजवले असतील. हार पण घातलेत ना?"

"हार? कुणी घातले?"

"रेडिओवर सांगतात."

"आमच्या रेडिओवर फटाके सांगतात."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग फिलोमेनने कपाळावर हात मारला आणि क्रिओलमध्ये एक सणसणीत शिवी दिली. तिचा अर्थ विचारायची आईला गरज वाटली नाही.

कालिंदीने तिलाही ट्रकांची हकिकत सांगितली. फिलोमेनचा विश्वास बसला, पण ती म्हणाली, "मला पटलं, कारण मी तुला लहानपणापासून बघतेय. बाजारात कोण ऐकणार? मराठी बाई, मेजरची बहीण, सांगते सैन्य थोडंच आहे, घाबरू नका. म्हणतील, बाहेर काढून मारायचा डाव आहे."

"मग सांगायचंच नाही," सोलांज म्हणाली. "ट्रकांवर खूण करायची. बंदरात केलेली खूण दुपारी इथल्या लोकांनी बघायची आणि संध्याकाळी माझ्या लोकांनी."

"बाजाराच्या गल्लीत ट्रक मुंगीच्या पावलांनी चालतात," फिलोमेन म्हणाली. "आणि होड्यांचा निळा रंग पाण्याने जात नाही."

"इथे पाण्याच्या टाकीपाशी थांबतात," आई म्हणाली. "हळद आहे. तेलात चुना कालवून घातली की आठवडाभर जाणार नाही."

डोंगरात निरोप पोचवायला सोलांजच जाणार होती. कालिंदी नको म्हणाली. दारोदार मारोनांचा शोध चालला होता.

"माझ्या लोकांना फोन नाही, रेडिओवर विश्वास नाही," सोलांज म्हणाली. "त्यांना माणूसच लागेल."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती उसातून निघाली. वेधशाळेच्या पडद्यावर कालिंदी डोंगररस्त्याची नोंद बघत बसली. संध्याकाळ व्हायच्या सुमाराला रस्ता ओलांडणारी पावलं आली. हलकी, भराभर, उजव्या पायावर किंचित जास्त भार देणारी. इतकी वर्षं शेजारी चालून ही चाल तिच्या ओळखीची झाली होती. सोलांज पोचली होती.

तिला आनंद झाला, आणि त्याच क्षणी अंगावर काटा आला. जनरलला नेमकं हेच हवं होतं. तिने जे प्रेमाने ओळखलं, ते दुसरा कुणी बंदूक घेऊन ओळखू शकला असता. दारावरच्या शिपायांची पाठ होती. तिने ती नोंद कायमची पुसून टाकली.

---

बंदराच्या बाजारात दुसऱ्या सकाळी ताफा आला तेव्हा मासेवाल्या नेहमीसारख्या ओरडत होत्या, टोपल्या पुढे करत होत्या. ट्रक गल्लीत शिरले, मंद झाले, आणि बायका त्यांना खेटून उभ्या राहिल्या. प्रत्येकीचा एक तळवा निळा होता. ट्रक पुढे सरकत गेले आणि त्यांच्या हिरव्या अंगावर हातांचे निळे ठसे उमटत गेले. एका जवानाच्या लक्षात आलं. त्याने बंदुकीच्या दस्त्याने एका बाईचा खांदा फोडला. ती खाली बसली. तिच्या मागची पुढे आली आणि तिने हात टेकला.

दुपारी नव्या राजापूरच्या टाकीपाशी ते ट्रक थांबले. लोकांनी दाराआडून पाहिलं. निळे हात. कुजबुज ओटीवरून ओटीवर गेली, "बंदरातले हात आहेत ते." कालिंदीची आई उसाच्या रसाची कळशी घेऊन सगळ्यांत आधी बाहेर पडली. जवान तहानलेले होते. ते रस पीत होते आणि तिच्या मागून आलेल्या बायका, मग पुरुष, मग शाळेचे मास्तर ट्रकांच्या पलीकडच्या बाजूने चालत जात होते. ताफा निघाला तेव्हा निळ्याशेजारी पिवळे हात होते.

डोंगराच्या पायथ्याशी चढाचं वळण आहे. तिथे लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाट बघत उभे होते, तांबडी माती आणि डिंक कालवून. सोलांज सगळ्यांत पुढे होती.

संध्याकाळी दक्षिण छावणीत ट्रक धुवायचा हुकूम सुटला. हळद आणि माती निम्मीअर्धी गेली, निळा रंग हलला नाही. दुसऱ्या दिवशी ताफा न काढावा तर लोक म्हणतील जनरल घाबरला. तेव्हा ताफा निघाला. बंदरात मासेवाल्यांनी आपल्या निळ्या हातांशेजारी पिवळे आणि तांबडे हात पाहिले. फिलोमेन पुढे सांगायची, "माझ्या शेजारची म्हातारी ट्रककडे बघून रडायला लागली. म्हणाली, अगं, ते पण आहेत."

---

त्याच दिवशी दुपारी दत्ताराम वेधशाळेत आला. या वेळी तो बसला नाही.

"जनरलसाहेबांचा हुकूम आहे. हे ठसे करणाऱ्यांची पावलं आजच्या आज काढून द्यायची. नाहीतर तुला अटक करायची."

"कर मग."

तो खिडकीशी गेला. बाहेर त्याचा ट्रक उभा होता.

"माझ्या ट्रकवर आईचा हात आहे, ताई," तो पाठमोराच म्हणाला. "अर्धी करंगळी. काल पोरं धुवायला लागली, तर मी म्हटलं, हा ट्रक राहू दे. का म्हटलं ते मलाच कळलं नाही."

कालिंदीने हेडफोन त्याच्या हातात दिला.

"हे काय?"

"उत्तर छावणी. आत्ताची."

नोंदीचं आवाजात रूपांतर करणं सोपं असतं. दत्तारामने डोळे मिटले. पावलं भिंतीपर्यंत जात होती, वळत होती, परत येत होती. त्याच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ दिसला, मग ओळख.

"ही परेड नाही," तो म्हणाला. "कोंडलेली माणसं अशी चालतात. पण ब्रिगेड तर डोंगरात…"

"डोंगरात कुणी गेलंच नाही. गोळ्या कुणी खाल्ल्याच नाहीत. त्या छावणीचं फाटक पहिल्या दिवसापासून बंद आहे. त्यांनाही काहीतरी सांगितलं असेल, तुम्हाला सांगितलं तसंच."

त्याने सगळ्या नोंदी बघितल्या. लंगडा ट्रक बघितला. रोज त्याच ट्रकांतून तोच फिरला होता. पण त्याला सांगितलं होतं की असे आणखी दहा ताफे फिरतायत.

"मी मारोनांच्या शाळेतले मास्तर पकडून दिलेत," तो म्हणाला. "त्यातल्या एकाने मला गणित शिकवलं होतं."

कालिंदी त्याला बरं वाटेल असं काही बोलली नाही.

"सोलांज आईकडे होती ना?" त्याने अचानक विचारलं. "मी गेलो तेव्हा परसात कुणीतरी लपलं होतं. मी बघितलं नाही. बघायचंच नव्हतं मला." त्याने टोपी उचलली. "उद्या लोक राजधानीकडे निघणार आहेत?"

"कुणी तसं ठरवलेलं नाही. पण निघतील."

तो दारातल्या शिपायांना बरोबर घेऊन गेला. त्यांच्या जागी दुसरे कुणी आले नाहीत.

---

दुसऱ्या दिवशी लोक निघाले.

सूर्य वर यायच्या सुमाराला पडद्यावर पहिली नोंद उमटली, बंदराच्या रस्त्यावर. मग नव्या राजापूरच्या. डोंगरातली माणसं लांबून यायची, ती आधीच निम्म्या वाटेवर होती. कालिंदी एकटी बसून तीन प्रवाह राजधानीकडे सरकताना बघत होती. वेगळी पावलं आता उरली नव्हती. नुसता जाड गुंजारव होता, मोठ्या पावसात नदी बोलते तसा. ज्या आवाजाला ती वर्षानुवर्षं कचरा म्हणत आली होती, तो आता अख्ख्या पडद्यावर पसरला.

दक्षिण छावणीतून ट्रक बाहेर पडले. लंगडा ठोका तिने लगेच ओळखला. ते राजधानीच्या मुख्य चौकात आले आणि लोकांसमोर थांबले. गोळीचा आवाज जमिनीत टोकदार उमटतो. तसं एक टोक उमटलं. मग आणखी दोन. प्रवाह थांबले.

मग हळूहळू तिन्ही पुढे सरकले. गोळ्या पुन्हा उमटल्या नाहीत.

आणि त्याच वेळी उत्तरेच्या रस्त्यावर बूट वाजायला लागले. कवायतीची चाल, डावा-उजवा, डावा-उजवा, शेकडो बूट एका ठोक्यात. उत्तर छावणी बाहेर पडली होती. कुणाच्या बाजूने, हे काच सांगू शकत नव्हती. बूट चौकाकडे आले, गर्दीच्या कडेशी पोचले.

एक ठोका चुकला. मग दुसरा. कवायत तुटली. बुटांची लय विस्कटून गर्दीत मिसळली, आणि बूट कुठले आणि अनवाणी पाय कुठले हे वेगळं काढणं त्या यंत्राला अशक्य झालं.

कालिंदी उठली. पडदा चालूच ठेवून ती उतारावरून धावत खाली राजधानीत गेली.

ती चौकात पोचली तेव्हा ट्रक रिकामे उभे होते. दत्ताराम एका ट्रकच्या पायरीवर उभा होता, खांद्यावरचे बिल्ले काढलेले. आदल्या संध्याकाळी त्याने आपली तुकडी ट्रकांसह उत्तर छावणीच्या फाटकाशी नेली होती आणि पहारेकऱ्यांना सांगितलं होतं, जनरलचा हुकूम आहे, उघडा. त्यांनी उघडलं. आतल्या जवानांना सांगितलं होतं की त्यांची घरं मारोनांनी जाळली. दत्तारामने त्यांना ट्रकांवरचे हात दाखवले. बहुतेकांना आपल्या गावाचा रंग ओळखता आला.

गोळी झाडणारे तिघे जनरलच्या खास पहाऱ्यातले होते. डोंगरातला एक तरुण आणि बंदरातली एक बाई जखमी झाली होती. नव्या राजापूरच्या मास्तरांनी त्या बाईला पाठीवर घेऊन इस्पितळात पोचवलं होतं.

जनरल बेलकूर मागच्या दाराने बंदरावर पळाला. तिथे त्याला नौदलाची नाव दिसली, पण वाट दिसली नाही. धक्क्यापासून बंदराच्या तोंडापर्यंत मासेमारीच्या होड्या एकीला एक बांधून उभ्या होत्या. तो परत फिरला आणि त्याने उत्तर छावणीच्या एका हवालदारासमोर पिस्तूल खाली ठेवलं.

गर्दीत आई सापडली तेव्हा तिचा एक हात फिलोमेनच्या हातात होता आणि दुसरा सोलांजच्या. तिघी एकमेकींवर ओरडत होत्या, कारण गोंगाटात कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. सोलांजने कालिंदीला मिठी मारली आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "डोंगरात मी सगळ्यांना घावने करून घातले. कुणालाच आवडले नाहीत!"

कैदेतले पंतप्रधान त्याच दुपारी सुटले. तुरुंगाची फाटकं उघडली तेव्हा मारोन मास्तरांना घ्यायला मराठी गावातल्या बैलगाड्या उभ्या होत्या.

---

दत्तारामने चौकशीपुढे आपण कुणाकुणाला पकडलं ते सगळं सांगितलं. त्याला नोकरी गमवावी लागली आणि काही महिने तुरुंगात काढावे लागले. दर आठवड्याला आई त्याला भेटायला जायची. एकदा तिच्याबरोबर गणिताचे मास्तर गेले.

संसद पुन्हा भरली तेव्हा पहिल्याच अधिवेशनात कालिंदीला बोलावलं गेलं. तिने सगळं समजावून सांगितलं, आणि मग एका सदस्याने विचारलं, "हे यंत्र देशाच्या कामी आलं. मग माणसांची पावलं ऐकणारा भाग तसाच ठेवायला काय हरकत आहे? चोर सापडतील, तस्कर सापडतील."

"सापडतील," कालिंदी म्हणाली. "तुम्हीही सापडाल. काच कुणाच्या बाजूने नसते. पेटीसमोर कोण बसलंय, त्याच्या बाजूने असते. त्या वेळी तिथे मी होते. पुढच्या वेळी कोण असेल, मला माहीत नाही."

डोंगरातल्या मतदारसंघाचे वृद्ध सदस्य आम्ब्रुआझ उठले. ते क्वचितच बोलत.

"आमचे पूर्वज मळ्यातून पळाले," ते म्हणाले, "तेव्हा पायांना केळीची सोपटं बांधून पळाले. पावलांचा आवाज मालकाला ऐकू जाऊ नये म्हणून. ज्यांची सोपटं सुटली, ते पोचले नाहीत. माणूस कुठे चालतो, हे चालणाऱ्याने सांगितलं तरच दुसऱ्याला कळावं. यापेक्षा जास्त मला काही म्हणायचं नाही."

मतदान झालं. यंत्राने फक्त डोंगर ऐकायचा. माणसाची चाल ओळखणारा भाग काढून टाकायचा आणि पुन्हा बसवणं हा गुन्हा मानायचा. बंदराचे, मळ्यांचे आणि डोंगराचे झाडून सगळे सदस्य बाजूने होते. इतकं एकमत त्या सभागृहाने याआधी कधी पाहिलं नव्हतं. प्रेक्षकांच्या सज्जात शिटी वाजली. ती फिलोमेनची होती.

कालिंदी आणि सोलांज तशाच वेधशाळेत गेल्या. दोघींनी मिळून, पत्रकारांच्या देखत, वर्षानुवर्षं लिहिलेला तो भाग पुसला. सोलांजने शेवटची कळ दाबली. पडद्यावरून रस्ते नाहीसे झाले आणि डोंगर तेवढा उरला, शांत, मंद श्वास घेत असल्यासारखा.

खाली गावात ढोल सुरू झाले होते. क्रिओल ढोल, मारोनांचे नगारे आणि नव्या राजापूरचे ताशे, एकमेकांच्या तालात तंगड्या घालत.

"चल," सोलांज म्हणाली.

त्या संध्याकाळी राजधानीच्या रस्त्यांवर किती माणसं नाचली, कोण कोणाबरोबर नाचलं आणि कुठपर्यंत नाचत गेलं, याची नोंद कुठेही नाही.